शशिकांतकाकांच्या चुकांसाठी जागा

अंबरनाथच्या बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयात त्या शनिवारी नवीन काहीच चढेना. स्क्रीनवर एकच निरोप येत होता, जागा शिल्लक नाही.

राजसी नोकरी सांभाळून तिथला सर्व्हर बघायची. सर्व्हर म्हणजे कुणीतरी देणगी दिलेला जुना कॉम्प्युटर. स्वयंसेवकांनी वाचून रेकॉर्ड केलेली पुस्तकं त्यात असत आणि दृष्टी नसलेली माणसं ती घरबसल्या फोनवर ऐकत.

जागा कुणी खाल्ली हे तिने शोधलं, तर निघाले शशिकांतकाका. बदलापूरला बेलवलीत राहणारे काका मोरिवलीजवळच्या कारखान्यातून मेंटेनन्स ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून घरी बसून पुस्तकं वाचून पाठवत. एका शब्दाला अडखळले की अख्खं प्रकरण पहिल्यापासून! आणि बिघडलेलं रेकॉर्डिंग पुसायचं नाही, 'चुकलेले' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं. ते फोल्डर आता त्यांच्या पुस्तकांपेक्षा मोठं झालं होतं.

तिने फोन लावला. "काका, चुकलेलं काढून टाकू का? सर्व्हर भरलाय."

"पुसतेस?" काकांनी विचारलं. "बरोबर आहे तुझं. चुकलेलं कशाला ठेवायचं. काढ."

त्यांचा आवाज इतका पडला, की राजसीला पुसवलं नाही. तिने ते फोल्डर स्वतःच्या पोर्टेबल डिस्कवर घेतलं आणि सर्व्हरवरून हलवलं.

सोमवारी ऑफिसात तिचा फोन वाजला. बुवापाड्यातून बनूबाई बोलत होत्या. साखरेच्या आजाराने नजर गेल्यापासून त्या वाचनालयाच्या सभासद होत्या.

"पोरी, त्या काकांचं चुकलेलं कुठं गेलं?"

"ते तुम्ही ऐकता?" राजसी चकित झाली. ते फोल्डरही सभासदांच्या फोनवर उघडतं हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. "अहो, त्याच गोष्टी दुसरीकडे नीट वाचलेल्या आहेत की."

"नीट वाचलेलं बी आयकते. पन त्यात ते एकलेच असतात. चुकलेल्यात त्यांची बायको असते ना! खून होतो तिथंच ती इचारते, अहो, भेंडी करू का गवार? आन ते बोलतात, गवार, आन परत खून वाचाय लागतात." बनूबाई हसत सुटल्या. "पोरगा कामावर गेला का घरात मी एकलीच. ते लावलं का घरात मान्सं हायेत असं वाटतं."

राजसीने त्याच संध्याकाळी कमिटीला नवीन डिस्कसाठी गळ घातली. उल्हासनगरच्या ओळखीच्या दुकानातून मोठी डिस्क आणली, आधी सगळ्या पुस्तकांचा बॅकअप घेतला आणि रविवारी काकांना बोलावलं. ते वृंदाकाकूंना घेऊन आले. बनूबाईंचा फोन राजसीने सांगितला तेव्हा काकू लाजून लाल झाल्या. "म्हणजे माझी भेंडी सगळ्या अंबरनाथने ऐकली?"

"गवार," काका म्हणाले.

राजसीने सर्व्हर बंद करून उघडला, डिस्क बसवली, परत चालू केला. यादीत मात्र जुनी एकच डिस्क दिसली. नवीन डिस्कच खराब निघाली की काय? काकांनी वाकून डब्याला कान लावला.

"आवाज एकाच डिस्कचा येतोय. हिला वीजच मिळत नाहीये."

खरंच, पॉवरची पिन अर्धवट बसली होती. बंद करून तिने ती नीट दाबली. या वेळी डिस्क दिसली.

"आता पुस्तकं इकडून तिकडे हलवायची?" काकांनी विचारलं.

"काहीच हलवायचं नाही. पुस्तकं ज्या भागात आहेत तो लॉजिकल व्हॉल्यूम आहे, तो एकाच डिस्कला बांधलेला नसतो. ही नवीन डिस्क जुनीच्या गटात घ्यायची आणि तो भाग वाढवायचा. ऐकणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

"शेजारचा ब्लॉक घेऊन मधली भिंत पाडल्यासारखं?"

"हो, आणि भिंत पाडताना घरातली माणसं जेवत बसलेली!"

तिने एकेक कमांड दिली. प्रत्येक वेळी डिस्कचं नाव आणि आकार मोठ्याने वाचला, काकांनी मान डोलावली, मगच एंटर. शेवटची कमांड संपली आणि मोकळ्या जागेचा आकडा वाढलेला दिसला. काकूंनी टाळी वाजवली. राजसीने पोर्टेबल डिस्क जोडली आणि 'चुकलेले' जिथल्या तिथे ठेवून दिलं.

मग फोन स्पीकरवर टाकून बनूबाईंना सांगितलं.

"म्हंजे आता लय जागा हाय?" बनूबाईंनी विचारलं. "मंग माजं बी घ्या की. मला वाचाय नाय येत, पन कारखाने व्हायच्या आधीचं मोरिवली मला सगळं ठावं हाय. कोनाचं शेत कुठं, कुठल्या आंब्याखाली काय."

काका एकदम पुढे सरकले. "बाई, मी तिथेच नोकरी केली. मोठ्या पाण्याच्या टाकीजवळ काय होतं हो?"

"टाकीजवळ? तिथं तर आमचा खला! भात झोडायचो आमी तिथं."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत काका रोज त्या टाकीवरून गेले होते.

पुढच्या शनिवारी राजसी, काका आणि काकू माइक घेऊन बुवापाड्यात गेले. बनूबाईंनी पंखा बंद करवला, पदर सारखा केला आणि सांगायला सुरुवात केली. काकांना गप्प बसायला बजावलं होतं, पण खल्याचा विषय निघाला आणि त्यांना राहवलं नाही. "कुठल्या अंगाला? उगवतीला?" त्यांनी विचारलं. बनूबाईंनीही सांगणं थांबवून हाताने हवेत दिशा दाखवली. राजसीने रेकॉर्डिंग चालूच ठेवलं.