पेटीतला हिराबोळ

निखाऱ्यावरचा खडा जळून कोळसा झाला, तरी चांगो धुपाटण्यासमोर तसाच बसून होता. मागच्या दारातून ललिता धावत आली. तिने धुपाटणं उचलून अंगणात ठेवलं आणि पदर नाकाला लावला.

"अवो, लक्ष कुठं हाय? आख्ख्या आळीत घाण सुटली."

"कसली?"

ललिता त्याच्याकडे बघत राहिली. करोनातून उठून त्याला फार दिवस झाले नव्हते. ती आत गेली, दोन्ही मुठी झाकून बाहेर आली आणि एक मूठ त्याच्या नाकाखाली धरली.

"वळखा."

"हिराबोळ."

"आन हा?"

"गुग्गुळ. ल्हान पोर समजतेस काय मला?"

तिने मुठी उघडल्या. एकीत हिंग होता. दुसरीत काहीच नव्हतं.

खालापूरच्या बाजारात चांगोचं काष्ठौषधींचं दुकान होतं. बाळंतिणीच्या धुरीला, देवाच्या धुपाला लोक त्याच्याकडूनच बोळ, म्हणजे झाडांचा सुकलेला वासाचा डिंक, न्यायचे, आणि ते त्याच्या नाकाच्या भरवशावर. ललिता एवढंच म्हणाली, "कुनाला सांगू नका," आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात येऊन बसू लागली.

नवा माल आला की चांगो खडा फोडायचा, आतली पांढरी रेघ बघायचा, कण जिभेला लावायचा. मग खडा नाकाशी धरून चोरून ललिताकडे बघायचा. माल बरा असला तर ती गप्प बसायची, भेसळ असली तर खोकायची. एकदा तिला खरंच ठसका लागला आणि चांगोने चांगलं पोतं परत पाठवलं. घरी येऊन दोघं पोट धरून हसली.

संध्याकाळी धूप घातला की ती त्याला सांगायची.

"आज हिराबोळ. आधी कडू, मागनं ऊब लागते. हा इसाबोळ, गोड हाय, जुन्या गुळाच्या ढेपेगत. गुग्गुळ जरा मातकट."

काळ्या बोळाचं तिला हसू यायचं. "ह्याला उगाच बोळ म्हनतात. कोरफडीचा आटवलेला रस तो. नुसता कडू."

हे सगळं चांगोला आधीपासून माहीत होतं. तरी तो डोळे मिटून ऐकायचा.

गेल्या श्रावणात ललिता गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि पनवेलला पोचायच्या आत संपली.

तेराव्यानंतर शेजारची वनिता भाकरी द्यायला आली. उंबऱ्याच्या आत येऊन थांबली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

"भावजी, घरात शिरलं की अजून वयनीच. तोच वास."

"कसला?"

"कसला म्हंजे? तिचा."

वनिता मोठा श्वास घेत उभी होती. आपल्या ताटातला घास कुणी उचलून खावा, तसं चांगोला झालं. दुसऱ्या दिवसापासून भाकरीच्या वेळी तो ओट्यावर येऊन बसू लागला. वनिता आत वळली की म्हणायचा, "बस हितंच, वाऱ्याला."

जायच्या आदल्या दिवशी ललिताने नेसलेली हिरवी सुती साडी वलणीवर होती, न धुतलेली. ती त्याने घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवली. कसर लागू नये म्हणून दुकानातले निवडक हिराबोळाचे चार खडे घड्यांत घातले आणि किल्ली करगोट्याला बांधली. कधी कधी तो पेटी उघडून साडीत तोंड खुपसायचा. काही यायचं नाही. मग पुन्हा कुलूप लावायचा. आपल्याला नाही तर नाही, दुसऱ्या कुणालाही नको.

माघात लेक हर्षला कळंबहून बाळंतपणाला आली. पहिलीच खेप होती.

"बाबा, आईची ती हिरवी साडी कुठं हाय? बाळाला दुपटं शिवायचंय."

"कर्जतवरनं नवं कापड आनतो."

"नवं टोचतं. आजीचंच घालतात. आन आईचा वास असंल त्याला."

"बघू."

"बघू काय? पेटीवर नागासारखे बसलाय नुसते."

चांगो चप्पल घालून दुकानात निघून गेला. त्या दिवशी त्याने हर्षलाच्या पोटाकडे बघितलं नाही. ते पोर ललिताला कधी बघणार नव्हतं, तिची हाक ऐकणार नव्हतं. तरी तिचा वास त्याला मिळणार होता. पहिल्याच दिवशी, आयता.

पुढे एका दुपारी तो जेवायला आला, तर हर्षला सुजलेले पाय पसरून बसली होती. स्वतःची जुनी ओढणी फाडून दुपट्यासाठी बेतत होती. चांगोने करगोट्याची किल्ली सोडली आणि पेटी उघडून साडी तिच्या मांडीवर ठेवली.

हर्षलाने साडी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली. थांबली. मग पदर शोधला, तो नाकाशी धरला. पुन्हा थांबली.

"येतो?" चांगोने विचारलं.

"येतो ना."

"कसला?"

"आईचा," ती झटकन म्हणाली आणि हसली.

ती घाई चांगोच्या ओळखीची होती. गिऱ्हाइकाने खडा नाकासमोर धरला की तोही असाच झटकन म्हणायचा, एक नंबर माल.

त्याने पेटीत बघितलं. तळाशी खडे होते. उन्हाने मऊ होऊन त्यांतला एक पत्र्याला चिकटला होता. मग ओट्यावर जाऊन त्याने हाक मारली.

"वनिता, जरा आत ये गं."

वनिता हात पुसत आली आणि उंबऱ्याशी थांबली. "आत? आज वाऱ्याला नको का?"

"ये."

त्याने साडी तिच्या हातात दिली. वनिताने हुंगली, उलटीपालटी करून हुंगली.

"भावजी, ह्याला बोळाचा वास हाय नुसता. वयनी नाय ह्यात."

"काकू!" हर्षला म्हणाली.

"बोलू दे तिला," चांगो म्हणाला.

वनिताला पेटी दिसली, खडे दिसले. धुतली तर दोन्ही वास जातील, म्हणून साडी धुवायची नाही असं ठरलं. मागच्या पडवीत, सावलीला, दोरीवर टाकली. हिराबोळाचा वास उडायला किती दिवस लागतात, हे दुकानदाराला ठाऊक असायला हवं होतं. पण दुकानात सगळा माल वास टिकावा म्हणूनच बरण्यांत असतो.

आता भाकरी ठेवली की वनिता सरळ पडवीत जाते. चांगो मागोमाग जाऊन उभा राहतो.

"काय?"

"अजून बोळच."

"पदराकडं बघ."

"पदराकडं पन."

हर्षलाला मुलगी झाली. तिला ओढणीत गुंडाळली आहे. साडी दोरीवर आहे, आणि दुपटं शिवायचं राहिलं आहे.