उभ्या बायका, आडवी बाटली

सिंधूताईंनी बाटलीचा वास तीनदा घेतला. एकदा आई म्हणून, एकदा दारूबंदी समितीच्या अध्यक्ष म्हणून, आणि तिसऱ्यांदा, खरं सांगायचं तर, वास बरा होता म्हणून.

बाटली मुलाच्या, धम्मरत्नच्या, पलंगाखाली निघाली होती. फुगीर पोट, पोटाला गवताची विणलेली टोपली, वर बारीक मान. शेजारी आणखी दोन, एक रुंद खांद्यांची, एक उतरत्या खांद्यांची. रविवारी गावातल्या दारूच्या दुकानावर बायांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. गावातल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली तरच कुलूप. जी घरी बसली ती उभीच्याच कामाची. आणि अध्यक्षांच्या घरात तीन बाटल्या उभ्या.

"कोनं देल्ल्या?"

"इटलीच्या हायेत, आई. रिकाम्या. दोस्त हॉटेलात कामाले हाये, त्यानं देल्ल्या. सोमवारी कॉलेजात माणसांची चित्रं द्याची हायेत. या बाटल्यांचा बाक पाहून काढून राह्यलो."

"माणसं पाहून माणसं काढता येत नाईत?"

"माणसं हालतात."

उत्तर पटण्यासारखं होतं, म्हणूनच सिंधूताईंना त्याचा संशय आला. त्यांनी कागद उलगडले. बाटलीच्या मानेतून गळा निघाला होता, खांद्यातून खांदा, पोटातून पोट. अकरा बाया. सगळ्या उभ्या.

तेवढ्यात समितीच्या गोजरबाई पत्रकं न्यायला आल्या आणि टोपलीवाल्या पोटाच्या बाईपाशी थांबल्या.

"हे त मीच हाय."

"नाई मावशी, हे बाटली हाये," धम्मरत्न म्हणाला. याहून वाईट उत्तर शोधूनही सापडलं नसतं.

"म्हंजे मी बाटली. आन् तेही उभी." गोजरबाई शांतपणे खाली बसल्या. त्या शांत बसल्या की गावाला धडकी भरायची. "सिंधूताई, शंकररावाच्या दुकानाचा प्रचार तुमच्या घरून चालू हाये, सांगाचं त होतं."

दुपारपर्यंत गावभर झालं, की एकेका बाईची उभी बाटली करून मतदानाच्या खोलीत चिकटवणार आहेत. संध्याकाळच्या बैठकीला एकट्या गोजरबाई आल्या, त्याही कोण कोण येतं ते पाहायला. बाया अशाच रुसून घरी बसल्या तर शंकररावाला काही करायचीच गरज नव्हती.

घरी येऊन सिंधूताई म्हणाल्या, "चित्रं जाळ."

"आन् सोमवारी काय देऊ?"

"आडव्या काढ."

"बाटली आडवी केली का घरंगळते."

"त मी झोपतो," दारातून गोजरबाई म्हणाल्या. त्या पाळतीवर होत्याच. "पाहू कशी उभी काढतं ते."

सकाळी अंगणात बाज टाकली. गोजरबाई कुशीवर झोपल्या. धम्मरत्ननं टोपलीवाली बाटली विटांमध्ये अडकवून शेजारी निजवली आणि दोघींचा बाक एकाच रेषेत धरला. दहा वाजेपर्यंत रांग लागली. गोजरबाईंना आडवं काढलं आणि आपल्याला नाही, यात काय काळंबेरं आहे ते प्रत्येकीला पाहायचं होतं.

मग रांगेतल्या केसरबाईंनी आपलं चित्र नेऊन अंगणातल्या खिळ्याला लटकवलं, ते कागद फिरवून, उभं.

सगळ्या माना तिकडे वळल्या. "असं हाये काय," कोणीतरी म्हणालं. शेवटी ठराव झाला: प्रत्येक कागदावर 'ही बाजू वर' असं लिहायचं, बाण काढायचा आणि खाली समितीची सही. त्या दिवशी सिंधूताईंनी त्रेचाळीस सह्या केल्या.

रविवारी एकही बाई घरी राहिली नाही. दुसरी काय करते यावर नजर ठेवायला जी ती आली, आणि आल्यासरशी मतही देऊन गेली. आडवी बाटली जिंकली. दुकानाला कुलूप लागणार, हे अधिकाऱ्यांनी माईकवरून सांगितलं.

उभीला एकशे बेचाळीस मतं होती.

पेढे वाटून झाल्यावर सिंधूताई मतदारयादी घेऊन ओट्यावर बसल्या, शेजारी गोजरबाई. समोरून जाणारी प्रत्येक बाई आज दोघींना जरा जास्तच ताठ चालताना दिसत होती.