निंबाच्या चाळण्यांचा भोंगा

निंबा तीस वर्षं चाळण्या आणि सुपं विकत होता, पण त्याचा खरा माल म्हणजे त्याचा गळा. जैनाबादपासून शाहपूरपर्यंत "निंबाची चाळणी" एवढी आरोळी आली, की बाया पिठाच्या हातांनी दारात येत. मग गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, ओरडलात तर उरलेला आवाजही जाईल. महिनाभर निंबा मुक्यानं फिरला आणि नेलेला माल तसाच घरी आणला. तेवढ्यात शाहपूरचा एक नवा चाळणीवाला त्याच गल्ल्यांतून ओरडत जाऊ लागला.

तेव्हा निंबानं मोटारसायकल लोधीपुऱ्यात भूषणच्या दुकानापुढं उभी केली. भूषण गाड्यांना स्पीकर बसवायचा.

"चांगला दाखव," निंबा कुजबुजला.

भूषणनं चार काढले. निंबानं पहिला उचलला, उन्हाकडे धरला आणि एक डोळा मिटून जाळीतून पाहिलं.

"उजेड पार जात नाही."

"काका, आटा नाही छानायचा त्यातून. मागं चुंबक आहे."

"जाळी मात्र एकसारखी आहे," निंबानं कबूल केलं आणि टिचकी मारली. त्याचं मन निळे दिवे लागणाऱ्या गोल जोडीवर बसलं होतं.

"ते गाण्यासाठी. चालवणाऱ्यालाच ऐकू येतात. तुम्हाला भाभी लोकांना बुलवायचं, की खुद को?"

"बायांना."

"मग भोंगा घ्या. दिसायला काही नाही, पण शब्द साफ फेकतो."

निंबाला ते रॉकेलचं नरसाळं वाटलं. पण अडला हरी. त्यानं मान हलवली.

भूषणनं भोंगा मागच्या कॅरिअरवर कसला, सीटखाली ॲम्प्लिफायर ठेवला, बॅटरीपासून फ्यूज घालून वायर ओढली. बटण दाबलं आणि मागं टांगलेल्या चाळीस चाळण्या एकदम झणझणल्या. पंगतीत भांड्यांची उतरंड कोसळावी तसं झालं. शेजारचा पंक्चरवाला हातातली ट्यूब घेऊन बघायला आला.

"काका, चाळण्या उतरवा."

"मग विकू काय, भोंगा?"

शेवटी भोंगा पुढं हेडलाइटच्या गार्डवर गेला, तोंड रस्त्याकडे, खाली पंक्चरवाल्याच्या ट्यूबचा तुकडा. आता आवाज स्वच्छ निघाला. "घरून आरोळी भरून आणा," भूषण म्हणाला.

आरोळी बायकोनं, आशाबाईनं द्यायची ठरली. ती पदर सावरून मोबाईलपुढं बसली.

"चाळण्या घ्या, सुपं घ्या."

"निंबाची म्हण. नावाशिवाय कोण आलं ते कसं कळणार?"

"बेचाळीस वर्षं तोंडानं नाव घेतलं नाही, ते आता भोंग्यावर घेऊ? चाळणीवाल्यांची म्हणते."

"चाळणीवाला तर तो शाहपूरचाही आहे."

 आशाबाई ओठ हलवत काही जुळवू लागली. लग्नकार्यात बाया दार अडवतात, तेव्हा ती उखाण्यात नाव घ्यायचीच की. "लावा ते," ती म्हणाली.

"सुपात पाखडली डाळ, चाळणीनं चाळली कणी;
निंबारावांचं नाव घेते, बाहेर या मायबहिणी."

दुसऱ्या दिवशी जैनाबादच्या पहिल्याच गल्लीत निंबानं बटण दाबलं. कड्या निघाल्या. सत्तरीची रंभाबाई सगळ्यांच्या पुढं.

"निंबाभाऊ, आशीनं नाव घेतलं? पुन्हा लाव."

तीनदा लावावं लागलं. अकरा बाया ओट्याला टेकून हसत होत्या आणि मालाकडे एकीचीही नजर नव्हती. 

"हसून झालं असेल, तर चाळण्या बघा," तो कुजबुजला.

"आण इकडं," रंभाबाई डोळे पुसत म्हणाली. "त्या शाहपूरवाल्याच्या घरी बायको नाही वाटतं. नुसताच ओरडतो."

तिनं रव्याची चाळणी घेतली, म्हणून मालूबाईनं मैद्याची घेतली, आणि मग हात पुढं येतच राहिले.

संध्याकाळी निंबानं गाडी दारात लावली. किती खपल्या हे आशाबाईनं विचारलंच नाही.

"कोण कोण हसलं?"

"रंभाबाई, सुनंदा, मालूबाई..."

"मालूबाईसुद्धा?"

"तिनंच तिसऱ्यांदा लावायला सांगितलं."

आशाबाईनं तोंडाला पदर लावला. मग मोबाईल त्याच्यापुढं सरकवला.

"उद्या शाहपूरला हे शिळं नेऊ नका. सकाळपासून दोन नवे जुळवलेत."