वाळूतल्या होडीची सवत

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पण माझ्याखाली पाणी नाही, वाळू आहे. डोक्यावर निलगिरीचं झाड, एका अंगाला कुंपण, आणि समोर ती खिडकी. त्या खिडकीबद्दल मी बोलणारच आहे. पण आधी माझी ओळख करून देते, नाहीतर म्हणाल, म्हातारी भेटली नाही तोच गाऱ्हाणं सुरू!

मला आल्फ ट्रेगिआनं बांधलं. सरोवराच्या काठी त्याची पत्र्याची शेड होती. तिथं तो पाइनच्या फळ्या वाफेवर मऊ करी, हळूहळू वाकवी आणि तांब्याच्या खिळ्यांनी जोडी. काम करताना माझ्याशी बोलायची त्याला सवय होती. "हळू गं, हळू वाक. मोडलीस तर शेकोटीत जाशील," असं म्हणत तो माझ्या पाठीवरून हात फिरवी. धक्क्यावर पहिल्यांदा उतरवलं, तेव्हा बाकीचे कोळी जाळी तशीच सोडून बघायला आले. एकानं विचारलं, "आल्फ, ही मासे धरायला आहे की मिरवायला?" आल्फ म्हणाला, "दोन्हीला." त्या दिवसापासून माझ्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, जो गर्व चिकटला, तो अजून सुटलेला नाही.

पुष्कळ वर्षं मी सरोवरात मासे आणले. पेलिकन माझ्या मागे मागे पोहत यायचे. मग आल्फचे गुडघे गेले, आणि थोड्या दिवसांनी आल्फही गेला. मला अंगणात उपडी घातली. माझ्यावर काटेरी वेली चढल्या, पोटात उंदरांनी घर केलं. कुणी माझ्याकडे बघेना. शेवटी आल्फच्या मुलीनं मला गावातल्या पाळणाघराला देऊन टाकलं. फुटबॉल क्लबच्या बाप्यांनी मला गाडीवर चढवलं, वाळूत आणून ठेवलं, आणि माझ्याच शेजारी शेगडी पेटवून पावात घातलेले सॉसेज खाल्ले.

मला रंग दिला शोनानं. निळा, वर पिवळा पट्टा. शोना तिथली सगळ्यात जुनी बाई. आवाज मोठा, उन्हानं भाजलेले दंड, आणि कमरेच्या पिशवीत कायम नाकं पुसायचे कागद. तिच्या हाताखालून गावातली निम्मी पोरं गेली असतील. तिनं माझ्यात पहिली टोळी बसवली, आणि मी पुन्हा होडी झाले.

एक गोष्ट सांगते. दोन वर्षांचं पोर होडीत बसलं की वाळू खातं आणि लाळ गाळतं. पण चार वर्षांचं पोर बसलं की येताना समुद्र घेऊन येतं. वादळ, देवमासा, चाचे, सगळं त्याच्या टोपीखाली असतं. म्हणून चार वर्षांची पोरं माझी. तसं कुणी म्हटलं नव्हतं, पण मी धरून चालले होते.

आणि त्या सगळ्यांत माझी लाडकी क्लेमी.

क्लेमीची आई केरिन मासळीच्या सोसायटीत मासे कापायची. पाळणाघर रोज परवडत नव्हतं, म्हणून क्लेमी फक्त बुधवारी यायची. बाकीचे दिवस आजीकडे. पण तो बुधवार म्हणजे काय होता, तुम्हाला सांगू? दारातून आत आली की ती इकडेतिकडे न बघता थेट माझ्याकडे यायची. अगदी मागच्या टोकाला, डाव्या काठाला टेकून बसायची आणि सुकाणूवर हात ठेवायची. तिची जागा ठरलेली. दुसरं कुणी तिथं बसलं तर ढकलून द्यायची. पुढची पोरं ओरडायची, "क्लेमी, शार्क आला! वळव, वळव!" ही ढिम्म. नजर लांब, ओठ मिटलेले.

"कॅप्टन रागावलाय," पोरं म्हणायची.

"कॅप्टन कमी बोलतो रे," शोना म्हणायची. "तुमच्यासारखी बडबड करत बसला तर जहाज बुडेल."

मी फुगून जायचे. सगळी पोरं माझ्यातून उतरून झोक्यावर जायची, मातीत खेळायची, पण ही जेवणाची हाक येईपर्यंत हलायची नाही. हिला माझ्याशिवाय करमतच नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

मग एका सकाळी फाटकाशी केरिन आणि शोना बोलत उभ्या होत्या.

"खरंच फुकट?" केरिन म्हणाली. "कुठं बारीक अक्षरात काही लपवलेलं नाही ना?"

"अगं, फुकट म्हणजे फुकट. चार वर्षांच्या सगळ्या पोरांना किंडर, शाळेआधीचं वर्ष. पैसे सरकार भरणार, आणि वर्ग इथंच, आपल्याकडे. आठवड्यातून तीन दिवस आण तिला."

"तीन दिवस!" केरिनचा चेहरा उजळला.

माझाही उजळला असता, असता तर. एका बुधवारच्या जागी तीन दिवस, आणि तिन्ही माझे! त्या सरकारला मी मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

सुट्टीत माझ्यासमोरची सामानाची जुनी खोली पाडली आणि तिथं किंडरची नवी खोली उभी राहिली. तीच ती खिडकी, भिंतभर मोठी. खोलीबरोबर तिची बाईही आली. येन तिचं नाव. मेलबर्नची, व्हिएतनामी आईबापांची मुलगी, नुकतीच शिक्षिका झालेली. बुटकी, हळू आवाजाची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

पहिल्या सकाळी क्लेमी आली. नवी टोपी, गालावर उन्हाचं पांढरं मलम. मी श्वास रोखून वाट बघत होते. ती धावत आली... आणि माझ्या बाजूनं, माझ्या नाळेला हातसुद्धा न लावता, सरळ त्या खोलीत गेली.

माझ्या फळ्यांचा नुसता जळफळाट झाला. आठवड्यातून एकदा यायची तेव्हा सगळी माझी होती. आता तीन दिवस येते आणि माझ्या वाट्याला टोपीची कडसुद्धा नाही! सवत कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. आणि सवत तरी कशी, नवी कोरी, काचेची, ऊनवारा न खाल्लेली.

मग मी दिवसभर खिडकीतून बघत बसायचे. बघू नये असं ठरवायचे आणि बघायचे. आत एक टेबल होतं, त्यातून उजेड यायचा. पोरांच्या मापाच्या खऱ्या हातोड्या होत्या. आणि काचेच्या पेटीत गांडुळं होती. क्लेमी त्या पेटीला नाक लावून तासन् तास उभी! मित्रांनो, मी तांब्याच्या खिळ्यांची होडी. वादळात आल्फला घरी आणलेली. आणि माझ्यापेक्षा गांडुळं बरी?

माझ्या वाट्याला आली लाळ गाळणारी पोरं. शोनाच्या वाट्यालाही तीच. चहाच्या सुट्टीत ती माझ्या काठावर येऊन बसायची आणि कपात बघत पुटपुटायची, "येन म्हणते पाऊस असा पडतो, येन म्हणते झाड असं पाणी पितं. येन म्हणते, येन म्हणते! आणि मी इतकी वर्षं इथं काय गवत कापत होते?"

बरं वाटायचं मला. जळणाऱ्याला जळणारं कुणी भेटलं की तेवढीच ऊब.

एक दिवस मी पाहिलं, गोष्टीच्या वेळी येननं क्लेमीला हाक मारली. क्लेमीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. येननं पुन्हा हाक मारली. नाहीच. मला कोण आनंद झाला! म्हटलं, बघ, तुझ्याशीही बोलत नाही ती. कॅप्टन आहे माझा, असा कुणालाही थोडाच वश होतो?

त्याच दुपारी येन बाहेर आली. शोना माझ्याजवळ एका बाळाच्या बुटातली वाळू झाडत होती.

"शोना, क्लेमीबद्दल विचारायचं होतं. तू तिला वर्षभर पाहिलंयस."

"विचार की." शोनाचा आवाज कोरडा होता. "तुला माहीत नाही असं काही मला माहीत असेल तर."

टोमणा येनला कळला, पण तिनं तो बाजूला ठेवला. "ती इथं होडीत कशी असायची?"

"राणीसारखी. मागं बसायची, डाव्या काठाला. कुणी तिची जागा घेतली तर मारायलाही उठायची. बोलायची नाही फारसं. हट्टी आहे, पण गुणी आहे."

"कायम डाव्या काठालाच?"

"कायम. का गं?"

 येननं क्लेमीला बोलावून आणलं आणि हातानं माझ्याकडे दाखवलं. क्लेमी माझ्यात चढली. किती दिवसांनी! आपल्या जागी बसली, सुकाणू धरलं. माझं मन असं भरून आलं की सांगता सोय नाही. येन कुंपणाच्या बाजूनं वळसा घालून आली, माझ्या डाव्या काठाबाहेर, क्लेमीच्या अगदी मागे वाकली आणि हळूच म्हणाली, "क्लेमी, आइस्क्रीम हवं?"

क्लेमी समोर बघत राहिली.

"क्लेमी, आइस्क्रीम हवं का?" आता जरा मोठ्यानं.

काही नाही. फांदीवरचा मॅगपाय पक्षी तेवढा ओरडला. क्लेमीनं त्याच्याकडेही मान वळवली नाही. मग येन उजवीकडून आली आणि तेच वाक्य तिनं पहिल्याइतकंच हळू म्हटलं. क्लेमी दचकली. थोडा वेळ येनच्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आइस्क्रीम? कुठंय?"

शोनाच्या हातातला बूट खाली पडला.

"डाव्या कानानं तिला जवळजवळ ऐकूच येत नाही," येन म्हणाली. "उजव्यानंही कमीच येत असावं. डॉक्टरांनी बघायला हवं. म्हणून ती तिथं बसते, शोना. तिथं बसलं की सगळी पोरं उजव्या हाताला येतात, आणि सगळ्यांची तोंडं दिसतात."

शोना माझ्या काठावर मटकन बसली. "वर्षभर माझ्यासमोर होती. मी तिला कॅप्टन म्हणायचे. सगळ्यांना सांगायचे, कमी बोलते म्हणून."

"आठवड्यातून एक दिवस, आणि तोही होडीत. तिथं कुणालाच कळलं नसतं. मला ती तीन दिवस खोलीत दिसते, म्हणून शंका आली. आणि तिची जागा तू सांगितलीस, म्हणून खात्री झाली."

शोनानं नाक पुसायचा एक कागद काढला आणि या वेळी स्वतःचं नाक पुसलं. "आइस्क्रीम कबूल केलंयस तू," ती म्हणाली. "आता आणावं लागेल."

मित्रांनो, त्या दोघींचं तिथं जुळलं. माझं मात्र कुणी विचारलं नाही. क्लेमीचा जीव माझ्यावर नव्हता, माझ्या डाव्या काठावर होता. मी तिची लाडकी नव्हते, तिचा आडोसा होते. एवढी वर्षं पाण्यात काढली, पण तळाला अशी भेग कधी गेली नव्हती.

संध्याकाळी केरिन आली. अंगाला मासळीचा वास, पायात अजून रबरी बूट. शोना आणि येननं तिला माझ्याजवळ बसवून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग एकदम तोंडावर हात धरून रडू लागली.

"मी तिच्यावर ओरडायचे," ती म्हणाली. "ऐकत नाही म्हणून. रोज ओरडायचे, ऐकत नाहीस, ऐकत नाहीस... आणि खरंच तिला ऐकू येत नव्हतं गं!"

 शोनानं तिच्या खांद्याभोवती हात टाकला.

मग डॉक्टरांना दाखवून झालं. कळलं की कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचलं होतं. मोठ्या गावच्या इस्पितळात छोटंसं ऑपरेशन करून कानांत इवल्याशा नळ्या बसवल्या. क्लेमी परत आली तेव्हा नळ सोडला तरी कानांवर हात ठेवायची. झाडाची सळसळ ऐकून वर बघत उभी राहायची. आणि बोलायला लागली! खिडकीतून मला दिसायचं, पोरांच्या घोळक्यात मधोमध उभी राहून हातवारे करत बोलतेय. खोलीत. माझ्याकडे यायची तिला आता गरज काय? तुम्हाला वाटेल, एवढं सगळं कळल्यावर माझा मत्सर गेला असेल. कुठला जातोय! उलट वाढला. आता ती त्या खोलीची झाली होती, आणि ती खोली तिच्या भल्याची होती, हे मला नाकारता येईना. चांगल्या सवतीसारखी वाईट गोष्ट नाही.

उन्हाळा जवळ आला तसं येननं सगळ्या किंडरला बाहेर काढलं. पोरं माझ्यात घुसली. क्लेमीही आली. पण मागं गेली नाही. मधल्या फळीवर, दोन पोरांच्या मध्ये दाटीवाटीनं बसली.

"शार्क आला!" एक जण ओरडला.

"शार्क नाही, डॉल्फिन आहे," क्लेमी म्हणाली. "शिट्टी ऐकू नाही आली तुला? बहिरा आहेस का?"

शोना इतकी हसली की तिला वाकावं लागलं. एवढ्या पोरांच्या भारानं माझी मधली फळी करकरली. क्लेमी थबकली.

"श्श! होडी बोलतेय."

पोरं गप्प झाली. क्लेमी वाकली आणि डावा कान माझ्या फळीला लावला. उबदार, इवलासा कान. माझ्या आयुष्यात असं कुणी माझं ऐकलं नव्हतं, आल्फनंही नाही. तो फक्त बोलायचा.

"काय म्हणते?" पोरांनी विचारलं.

"म्हणते, सरका जरा. बाळांना बसायला जागा द्या."

मी तसं काही म्हटलं नव्हतं. मी म्हणाले होते, कुठं होतीस इतके दिवस? पण पोरं सरकली, शोनानं लाळ गाळणारी सगळी टोळी उचलून आत ठेवली, आणि क्लेमीनं त्यांतल्या एकाला मांडीवर घेतलं.

आता ती शाळेत जाते. रोज सकाळी गणवेशात, मैत्रिणींशी भांडत, कुंपणाबाहेरून जाते. माझ्याकडे बघत नाही, त्या खोलीकडेही नाही. एका बाबतीत तरी सवत आणि मी सारख्या झालो! खोलीत नवी पोरं आली आहेत. शोना आता दोन दिवस येनबरोबर आत असते. मी एकटीच बाहेर जळत बसते, जमेल तशी.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या अंगणात असतील. त्यांना वर्षातून एकदा तेल लावा, कुसळं निघाली असतील तर घासून काढा; पोरांचे हात मऊ असतात. पण एखादं मूल कोपऱ्यातली एकच जागा धरून बसत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर त्याला हट्टी म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, दोन्ही बाजूंनी हाक मारून बघा. मला रंग द्यायला उशीर झाला तर झाला, मी लाकूड आहे, थांबेन. मुलाला थांबायला लावू नका.