कोरलेल्या अक्षरांवरचा रंग

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. फळी म्हटल्यावर तुम्हाला डबे ठेवायची फळी आठवली असेल, तर कृपा करून ती विसरा. माझ्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक खाच आहे. त्या खाचेत सरकणारे ठोकळे माझी पोटची पोरंच समजा. प्रत्येकावर इंग्रजी शब्दाचा एकेक तुकडा कोरला आहे.

मला एका सुताराने घडवलं. त्याची मुलगी घरीच इंग्रजीचे वर्ग घ्यायची. मुलं तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. शब्द जोडून आणि सोडवून दाखवता येईल असं काहीतरी तिला हवं होतं. सुताराला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने माझी खाच एका बाजूने बंदच करून टाकली.

"अहो बाबा, शेपूट कुठून घालू आता?"

"शब्दाला शेपूट असतं होय?" म्हणत त्याने हसत करवत उचलली.

अक्षरं रंगाने लिहून टाका, लवकर होईल, असं बाईंचं म्हणणं होतं. सुतार ऐकेना. "रंग उडतो गं. कोरलेलं राहतं," तो म्हणाला आणि रोज दुपारी पटाशी घेऊन बसला.

वर्ग पुढच्या खोलीत भरायचा. खाली सायकलचं दुकान होतं आणि ठोकपीट ऐकतच मुलं शिकायची. बाई मधे 'केअर' हा ठोकळा बसवत. मागे 'फुल' लागला की काळजी घेणारा माणूस तयार, 'लेस' लागला की निष्काळजी. पण बाईंचा एक नियम होता. आधी वाक्य मोठ्याने वाचायचं, मगच ठोकळ्याला हात लावायचा. "एकट्या शब्दाला काय विचारता?" त्या म्हणत. "तुमची आई घरात आई असते आणि दुकानात गिऱ्हाईक. शब्दाचंही तसंच. 'टेक केअर' म्हटलं की केअर हे नाम. 'आय केअर' म्हटलं की तेच क्रियापद. वाक्यात तो काय काम करतो ते बघा."

एका मुलीला हे कधी जमलं नाही. प्रश्न संपायच्या आत तिचा ठोकळा खाचेत असायचा. बाईंनी तिचं नाव घाईबाई ठेवलं होतं.

पुढे सुतार वारला. बाईंची लेक मोठी झाली. तिला रंगांची भारी हौस. बाई एकदा बहिणीकडे गेल्या असताना तिने सगळे ठोकळे रंगवले. पुढचे लाल, मधले पिवळे, शेपटाचे हिरवे. जाड तेलरंगाने कोरीव अक्षरं बुजली, तेव्हा तिने वरून पांढरी अक्षरं काढली. बाई परत आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि "छान दिसतंय गं," म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मलाही नटायला आवडलं. येणारेजाणारे माझं कौतुक करत.

मग बाईंची नजर अधू होऊ लागली. आधी त्या ठोकळे खिडकीशी नेऊन बघत. नंतर तिथेही दिसेना. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाईंनी वर्ग बंद केला आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. तिथे कोळ्यांनी माझ्या खाचेत संसार थाटला. मला वाईट वाटलं, पण बाईंचे हाल माझ्याहून वाईट होते. शिकवण्याच्या वेळी त्या नुसत्या खुर्चीत बसून राहत.

एका दुपारी त्यांनी लेकीकडे ठोकळ्यांचा डबा मागितला. एक ठोकळा घेतला, त्यावरून बोट फिरवलं. गुळगुळीत.

"इथे बाबांचं अक्षर होतं," त्या म्हणाल्या.

लेकीचा चेहरा पडला. "आई, ते मीच बुजवलं."

"अगं, तू हौसेने केलंस. मीही छानच म्हणाले होते की."

 लेकीने पलंगाखालची आजोबांची पेटी ओढली आणि पटाशी काढली. पटाशीने आणि दाभणाने एकेका अक्षरातला रंग ती कोरून काढू लागली. बोटं कापली. 'फुल'चा एक कोपरा उडाला, तो अजून तसाच आहे. एव्हाना मोठी झालेल्या घाईबाईला कळलं तेव्हा तीही पॉलिशपेपर घेऊन येऊन बसली. ती तिथेही घाईच करत होती.

वर्ग पुन्हा सुरू झाला. पहिल्याच दिवशी घाईबाईने बाईंची परीक्षा घ्यायची म्हणून मुद्दाम 'लेस' पुढे लावला. बाईंची बोटं खाचेवरून सरकली आणि थांबली.

"शेपूट पुढे लावलंस. वाक्य वाचलंस का आधी?"

सगळी खोली हसली. सर्वांत जास्त घाईबाई हसली.

आता माझ्या ठोकळ्यांवर रंगाचे ठिपके राहिलेत आणि मी काही देखणी दिसत नाही. मित्रांनो, तुम्ही वस्तू जरूर जपा, पण ती कोणाच्या आणि कशी उपयोगी पडते, हे आधी विचारा. मग हवं तर नटवा.

परवा लेक म्हणाली, "आई, नुसतं पॉलिश तरी करू का?"

बाईंच्या हातात 'केअर' होता. त्याच्या कडेला एका ओरखड्याशी त्यांचं बोट थांबलं.

"नको गं," त्या म्हणाल्या. "इथे बाबांची पटाशी घसरलीय. इतकी वर्षं दिसत होतं, तेव्हा मला हे दिसलंच नव्हतं."