मुकी शिट्टी

कुत्र्यांना शिकवण्यात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तीस वर्षांत त्यांनी भलीभली उनाड कुत्री वठणीवर आणली, तीही न ओरडता, गळ्यातल्या बोटभर पितळी शिट्टीने. "ही फक्त कुत्र्यांना ऐकू येते. आपल्याला नुसती फुसफुस," असं ते नव्या मालकांना ऐटीत सांगायचे.

अलीकडे मात्र सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी त्यांची कुरकुर सुरू झाली. त्यांची लेक कान तपासण्याचंच काम करायची. एका दुपारी तिने त्यांना दवाखान्यातल्या आवाजबंद खोलीत बसवून तपासलं. बारीक, उंच आवाज त्यांना जवळजवळ ऐकूच येत नव्हते.

"बाबा, मला त्या शिट्टीचा संशय येतोय."

"काहीतरीच! जी ऐकूच येत नाही, ती कान कसा बिघडवेल?"

"मोजून बघू या की."

तिने दोघांच्याही कानांवर जाड इअरमफ चढवले आणि आवाज मोजायचं यंत्र त्यांच्या कानाशेजारी धरलं. मास्तरांनी नेहमीसारखी फुंकर मारली. आकडा सरसर चढत एकशे सोळा डेसिबलवर गेला.

"शेजारी रस्ता फोडायचं मशीन चालावं, तेवढा आवाज आहे हा," ती म्हणाली.

"यंत्र बिघडलंय तुझं."

तिने दुसरं यंत्र आणलं. आकडा तोच.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे सहा वर्षांची पोर उभी राहिली. शिट्टी ओठांना लागली रे लागली, की कान दाबून मैदानातून धूम ठोकणारी. "आली आमची नाटककंपनी!" असं ते चारचौघांत हसायचे. पुढे ती मैदानावर यायचीच बंद झाली. लेकीला कुत्री आवडत नाहीत, असं त्यांनी धरून टाकलं होतं.

"तुला ऐकू यायची?"

"लहानपणी असे आवाज ऐकू येतात, बाबा. सुई टोचल्यासारखं व्हायचं."

"मग सांगायचंस ना गं."

"सांगितलं होतं."

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. ते उठले. "आत बस. तुझे कान बघायचेत मला."

तिने हसत त्यांना बटणं दाखवली आणि आत जाऊन बसली. मास्तर एकेक आवाज सोडू लागले. काचेपलीकडे तिचा हात वर गेला, की त्यांचा अडकलेला श्वास सुटायचा. शेवटच्या बारीक आवाजाला हात जरा उशिरा उठला, पण उठला.

"ठीक आहेत ना?" ती बाहेर येताच त्यांनी विचारलं.

"छान आहेत."

"चुकलंच माझं, बाळा."

तिने त्यांचा हात हातात घेतला.

पुढच्या सोमवारपासून मास्तर हातांच्या खुणांनी शिकवू लागले. कुत्री आठ दिवसांत शिकली, मास्तरांना महिना लागला. रविवारी लेक मैदानावर येते. एक थोराड, केसाळ कुत्री तिच्या मांडीवर डोकं टाकून पडते, आणि मास्तरांनी कितीही खुणा केल्या तरी उठायचं नाव घेत नाही.