दुपारी सरकणाऱ्या फळ्या

आमच्या ह्यांना संशय घ्यायला कारण लागत नाही. दूधवाला हसला तर दुधात पाणी आहे, आणि नाही हसला तर नक्कीच आहे. त्यामुळे धाकट्या दिरांच्या दारात टेम्पोतून तपकिरी फळ्या उतरायला लागल्या तेव्हा मी फळ्यांआधी ह्यांचं तोंड पाहिलं. कान टवकारलेलेच होते.

चांदीप गावात आमची दोन घरं शेजारी शेजारी आहेत. एक आमचं, दुसरं शत्रुघ्नभाऊजींचं. पुढे दोन्ही घरांना मिळून सिमेंटचा एकच कोबा. वाटण्या झाल्या तेव्हा त्याच्या मधोमध तांबड्या ऑइलपेंटची रेघ ओढली गेली. ती रेघ पुरुषांसाठी होती. मी आणि माझी जाऊ सत्यवती तिच्यावरून दिवसभर ये-जा करायचो. ऊन आमच्या बाजूला जास्त, म्हणून तिच्या मिरच्या आमच्याकडे वाळायच्या. नळ तिच्या बाजूला, म्हणून माझी भांडी तिकडे घासली जायची. मला ना बहीण, ना मुलगी. मुलगा सिद्धेश फुलपाड्याला फ्लॅट घेऊन राहतो, त्याला फोनवर बोलायचीही घाई. मनातलं बोलायला मला एकच माणूस होतं आणि ते रेघेपलीकडे राहत होतं. म्हणून दोघा भावांचं काही बिनसलं की ते मिटवायला पहिली मी धावायचे.

फळ्या ही पुतण्याची, मितेशची कल्पना. तो विरारला फर्निचरच्या शोरूममध्ये आहे. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेल्या त्या फळ्या. वाळवी लागत नाही, पावसात कुजत नाहीत. कोबा फोडायचा नाही, त्यावरच आडव्या पट्ट्या टाकायच्या आणि पट्ट्यांवर फळ्या बसवायच्या. खालून पाणी वाहून जातं.

"याला डेक म्हनतात, मोठी आई," मितेश म्हणाला. "कोब्यानं उन्हात पाय भाजतात, पावसात शेवाळ धरतं. म्हनून हे."

त्या फळ्या उन्हात कोब्याहून जास्त भाजतात हे त्याला तेव्हा कुणी सांगितलं नसावं. ह्यांना मात्र वेगळीच शंका होती.

"वर उचलतोय कशाला? जमीन आहे तिथं काय वाईट आहे?"

"अहो, चार बोटं तर उचलतोय."

"आज चार बोटं. उद्या वर पत्रा येल, मग भिंत. मानसं अशीच सरकतात."

मी हसण्यावारी नेलं, पण मलाही एक गोष्ट टोचत होती. सत्यवतीनं मला आधी सांगितलं नव्हतं. तिच्या घरात नवी चाळणी आली तरी मला कळायचं, आणि टेम्पोभर फळ्या आल्या तरी तिच्या तोंडून चकार शब्द नाही! त्यात एका सकाळी मितेश दोघा बूटवाल्यांना घेऊन आला. त्यांनी कोब्याचे फोटो काढले, विहिरीचे काढले, आमच्या आंब्याचेसुद्धा काढले.

"कोन गं ते?" मी सत्यवतीला विचारलं.

"मितेशच्या ओळखीचे," ती म्हणाली आणि मिरच्या उलथत राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटलंच. ह्यांना मात्र मी काही बोलले नाही, कारण ह्यांना एवढंही पुरलं असतं.

डेक तयार झाला. दिसायला छान होता, खोटं कशाला बोलू. तो रेघेच्या थोडा आधीच, त्यांच्या बाजूला थांबला होता. ह्यांनी सकाळी माझी गॅसजवळची काडेपेटी नेली आणि रेघ आणि फळीचं टोक यांच्यामध्ये आडवी ठेवून पाहिली. बरोबर बसली. दुपारी जेवून पुन्हा गेले, तर काडेपेटी बसेना. तिची कड रेघेवर चढली.

"सरकतंय!" हे धापा टाकत आत आले. "आपन दुपारी आडवे झालो की शत्रुघ्न डेक सरकवतो."

"स्क्रूनं पिळलेल्या फळ्या कोन सरकवेल? आनि सकाळी तर काडेपेटी बसते. मग पहाटे उठून मागं घेतो का?"

"घेतो. संशय येऊ नये म्हनून."

मग रोजचाच खेळ झाला. सकाळी काडेपेटी बसायची, दुपारी बसायची नाही. ह्यांचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी एक दिवस म्हणाले, "मी सरकारी मोजनीचा अर्ज करनार. होऊन जाऊ दे."

मोजणी म्हटल्यावर माझं धाबं दणाणलं. मोजणीवाले दगड रोवून निघून जातात, आणि त्यानंतर भाऊ भावाच्या मयतालाही जात नाही, हे मी माहेरी पाहिलेलं होतं. इथं दगड रोवला गेला तर सत्यवती मला मेली आणि मी तिला मेले. मी म्हटलं, "अर्ज मागाहून करा. आधी आपन मोजू. फळी जागची हलली असेल तर मीच तुमच्याबरोबर कचेरीत येते."

भाऊजी आणि मितेश कामाला गेलेले बघून आम्ही सकाळी टेप लावला. भाऊजींच्या भिंतीकडचं फळीचं टोक ते रेघेकडचं टोक. दुपारी पुन्हा तेच. मी डेकवर चढले, तळपाय भाजले, कशीबशी साडीचा घोळ खाली घेऊन गुडघ्यांवर बसले आणि टेपचं टोक भिंतीशी दाबून धरलं. हे रेघेपाशी वाकले.

"वाढलंय! तांदळाच्या दान्याएवढं वाढलंय!"

मी माझ्याकडचं टोक पाहिलं. ते स्क्रूखाली जागच्या जागी घट्ट होतं. फळी सरकली नव्हती, फळीच लांब झाली होती. तोल सावरायला मी तिच्यावर हात टेकला आणि असा चटका बसला की डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अहो, आपल्या पडवीचा पत्रा दुपारी कडकड वाजतो, तो कशानं?"

"तापतो म्हनून."

"मग ही पन तापून वाढते. रात्री गार झाली की आखडते. एक टोक पिळलंय, म्हनून सगळी वाढ तुमच्याकडे येते. यात भाऊजींचा काय हात?"

ह्यांनी फळीला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. "म्हंजे ऊन सरकवतं," हे म्हणाले.

"हो. आता करा उन्हावर अर्ज!"

स्वतःचंच ह्यांना हसू आलं. मोजणी टळली या आनंदात मीही तिथंच बसून हसत सुटले. मग मान वर केली.

खिडकीत सत्यवती उभी होती. ती घरातच होती. तिच्या भिंतीला टेप लावून बसलेली मी, दुसरं टोक रेघेवर धरलेले हे, आणि दोघांच्या तोंडावर हसू. एवढंच तिला काचेतून दिसत होतं. मी हात केला. तिनं पडदा ओढून घेतला.

संध्याकाळी मी गेले आणि तिला सगळं सांगितलं. काडेपेटी, मोजणीची धमकी, पत्रा, ऊन. "भांडन होऊ नये म्हनून मोजत होते गं मी."

"हो ना, वहिनी. मोजलं तर काय झालं? जागेचं स्पष्ट असलेलं बरं."

"सत्या, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"आहे ना." ती तांदळाचं पीठ मळत होती. "ते फोटो मितेशच्या शोरूमवाल्यांनी काढले, जाहिरातीला. मी तुम्हाला आधीच सगळं सांगनार होते. मितेश नको म्हनाला, मोठे बाबा मोडता घालतील. मी त्याला म्हटलं, वहिनी तशा नाहीत." एवढं बोलून ती भाकरी थापायला लागली.

मी शपथ घेतली, ती हो हो म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या मिरच्या गच्चीवर वाळायला गेल्या. मी भांडी घेऊन नळावर गेले की ती आत काहीतरी शोधत असायची.

मग डेकवर सत्यनारायण करायचं ठरल्याचं कानावर आलं. केळीचे खांब आलेले मला दिसले. आमच्या दोन्ही घरांतल्या पूजेचा शिरा माझ्या हातचा असतो. घरच्या जावेला कुणी बोलवायला येत नाही, तिनं आदल्या संध्याकाळीच पदर खोचून हजर व्हायचं असतं. मी रवा चाळायला घेतला. चुलीशी दोघी बसलो की निवळेल सगळं, असं मी मनाला समजावत होते.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सत्यवती. ठेवणीतली साडी, हातात कुंकवाचा करंडा. ती कोब्यावरून आली नव्हती. रस्त्यानं वळसा घालून, आमचं फाटक उघडून आली होती.

"वहिनी, उद्या आमच्याकडे पूजा आहे. दोघंही जेवायला या."

तिनं मला कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला.

"अगं, शिऱ्याचं..." माझे हात रव्यानं भरलेले होते.

"आचारी सांगितलाय. तुम्ही फक्त या."

"कोन आलं होतं?" ह्यांनी आतून विचारलं.

"सत्यवती. पूजेचं आमंत्रन द्यायला."

"बघ! रीतसर बोलवायला आली." ह्यांना खरोखर बरं वाटलं होतं. "तू उगाच जिवाला घोर लावून घेत होतीस."

मी दारातून हलले नाही. सत्यवती फाटक लावत होती. कडी नीट बसली की नाही ते तिनं पुन्हा हलवून पाहिलं, परक्याच्या घरून निघताना पाहतात तसं.